डोळे असलेल्या जिभेची हकीकत

ब्रह्मा घाट, काशी
वैशाख वद्य ३, शके १८३४

तीर्थस्वरूप सौ. बकुळताईस,

धाकट्या शिवरामाचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. भावोजींच्या गुडघ्याची खबर वाचून वाईट वाटलं. महानारायण तेल वेगळ्या पार्सलाने धाडलं आहे, ते गुडघ्यालाच लावावं. (मागच्या खेपेस त्यांनी डोक्याला लावलं, असं तू लिहिलं होतंस.) इकडे गंगा उतरली आहे, सकाळी आठालाच पायऱ्या पोळतात, लू, म्हणजे इकडचा उष्ण वारा, सुटली आहे. शरदिनीचे दुधाचे दात पडताहेत. अन्नपूर्णेची प्रकृती उत्तम. आमचे सासरे नाना यांचीही आता उत्तम. या 'आता'साठीच हे पत्र लांबणार आहे, तेव्हा चुलीवर काही असेल तर आधी उतरवून ठेव.

नानांना तू लग्नात पाहिलं होतंस तेवढंच. नीलकंठशास्त्री घनपाठी म्हटलं की मंगला गौरीपासून दुर्गाघाटापर्यंत माणसं बसलेली उठतात. एवढा वेद मुखोद्गत असलेला दुसरा माणूस आमच्या वस्तीत नाही, आणि एवढा बोलणाराही नाही. मुलीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही हा त्यांचा नेम शरदिनी जन्मली त्या दिवशी संपला, आणि ज्यांच्याकडे ते राहत त्या मेहुण्यांची बदली अलाहाबादेस झाल्यापासून नाना त्या नेमाची भरपाई करायला आमच्याकडेच आहेत. मला त्याचं काही नाही. सुट्टी नसली म्हणजे मी शाळेत असतो. पण अन्नपूर्णेच्या हातचं काही खाल्लं आणि त्यात नानांना स्वरदोष सापडला नाही असं आजवर घडलेलं नाही. वरण उदात्त झालं, भात अनुदात्त राहिला, असं ते बोलतात, आणि ती मुकाट्याने पुढची पोळी लाटते.

तर गेल्या पंधरवड्यातल्या गुरुवारी मी सकाळी स्नानाला उतरलो असताना भगेलू मल्लाह नावेतून ओरडला, "मास्टर साहेब, तनी इधर आवा! ई जीभ हमके ताकत हौ!" म्हणजे ही जीभ माझ्याकडे टक लावून बघते आहे. मी शाळेत सायन्स शिकवतो हे घाटावर सर्वांना ठाऊक असल्यामुळे, जे कुणाला कळत नाही ते माझ्याकडे येतं. भगेलूच्या हातात वीतभर मासा होता. त्याने त्याचा जबडा फाकवला. ताई, मी ब्राह्मणाचा मुलगा, ओला पंचा नेसलेला, अजून संध्या व्हायची, पण मी वाकून पाहिलं. माशाच्या तोंडात जिभेच्या जागी जीभ नव्हती. तिथे पांढुरका, जुन्या हस्तिदंतासारखा, बोटाच्या पेराएवढा एक प्राणी नीट मांडी घालून बसला होता. त्याला सात-सात अशा दोन्हीकडून चौदा तंगड्या होत्या, आणि मोहरीएवढे दोन काळे डोळे होते. ते डोळे खरोखरच आमच्याकडे लागले होते. बघण्यात राग नव्हता. अगदी घरमालकासारखं, कोण आलंय एवढंच तो पाहत होता.

मी चिमटा आणि भिंग पंचांगासारखं जवळ बाळगतो हे तुला माहीत आहे. तपासलं. हा परोपजीवी, म्हणजे दुसऱ्याच्या जिवावर जगणारा जीव. लहानपणी कल्ल्यांतून आत शिरत असावा. मग जिभेला धरतो, तिचं रक्त पीत राहतो, जीभ सुकत सुकत झडून जाते, आणि हा तिच्या खुंटावर बसून तिचं काम करू लागतो. समुद्रात असे प्राणी असतात असं वाचलं होतं. पण गंगेत! गोड्या पाण्यात! कुणीही नोंदलेला नाही! ताई, माझ्या पायाखालची पायरी हलली. मी चौतीस वर्षांचा झालो, अकरा वर्षं मुलांना बेडकाची आकृती काढायला लावली, आणि आज देवाने माझ्यासाठी एक कोरा प्राणी ठेवला होता. लॅटिनमध्ये त्याला माझं नाव लागणार होतं. (भगेलूने तेवढ्यात त्याचं नाव जिभेश्वर महादेव ठेवून हातही जोडले होते.) तिथेच वहीत त्याची आकृती काढली. मग चिमट्याने त्याला हलकेच सोडवलं, आणि दुसरं भांडं जवळ नसल्यामुळे गंगाजलाच्या तांब्याच्या लोट्यात ठेवलं.

आता माझी चूक सांगतो. स्पिरिटच्या बरण्या शाळेत, शाळेची किल्ली हेडमास्तरांकडे, आणि हेडमास्तर सुट्टीत अल्मोड्याला. तेव्हा माळ्यावरून काचेची बरणी काढून आणेपर्यंत, फक्त पाच मिनिटं, मी तो लोटा देवघराशेजारच्या कोनाड्यात ठेवला. रोज सकाळी मी गंगाजल आणतो ते तिथेच ठेवतो, आणि रोज सकाळी संध्या उरकल्यावर नाना ते पितात, हे मला आठवायला हवं होतं. मी बरणी घेऊन खाली आलो तर लोटा घासून पालथा घातलेला, आणि नाना पाटावर बसून मिश्या पुसत होते.

"नाना," मी म्हटलं, "पाण्यात काही लागलं का?"

"तुळशीचं पान होतं," नाना म्हणाले. "आज जरा जाड होतं."

माझं त्या क्षणी काय झालं ते लिहीत नाही. नानांच्या जिवाला धोका नव्हता. मनुष्याच्या पोटात हा प्राणी अर्धा तासही टिकणार नाही, हे मी सायन्सच्या आधारे सांगू शकतो. प्रश्न एवढाच होता की तो पोटात गेला की वाटेतच थांबला. त्याचा स्वभाव वाटेत थांबण्याचा. मी माडीवर जाऊन आधी कलकत्त्याच्या एका विद्वान मंडळाला पत्र टाकलं की मला गंगेत नवीन जात सापडली असून नमुना माझ्या घरी सुरक्षित आहे. (हे खोटं नव्हतं. नाना घरीच होते.) मग खाली येऊन नानांना म्हटलं, मुलांना जिव्हेचा धडा शिकवायचा आहे, कृपा करून जरा जीभ दाखवता का. त्यांनी दाखवली. मी उजेडात घेतली, भिंग लावलं. पुन्हा मागितली. तिसऱ्यांदा मागितली तेव्हा नानांनी भिंगासकट माझा हात धरला. सत्तर वर्षांचा माणूस, पण पकड अशी की मला वहीतली आकृती दाखवावीच लागली.

मी ती आकृती फार चांगली काढली होती, हा माझा दुसरा अपराध. नानांनी ती बराच वेळ पाहिली, तोंड मिटलं आणि शरदिनीची पाटी मागवली. पाटीवर लिहिलं, "हे प्रथम काय करतं?" मी सांगितलं, जीभ शोषतं. "मग?" मग तिच्या जागी बसतं. "आणि मासा?" मी म्हटलं, "माशाला काही कळत नाही, नाना. तो पहिल्यासारखाच खातोपितो." नानांनी पाटी पुसली, आणि अगदी सुंदर वळणात लिहिलं, "मग मला कसं कळणार?"



त्या दुपारपासून नानांचं बोलणं बंद झालं. पाटीवरून मला एवढं कळलं की, आपण वेदाचा घनपाठ म्हणायला तोंड उघडलं आणि ते त्या प्राण्यानेच म्हटलं, तर पुण्य कुणाला लागणार, याचा निकाल त्यांना कोणत्याच ग्रंथात सापडत नव्हता. ते हातात आरसा घेऊन अंगणात उन्हाच्या कवडशाबरोबर सरकत बसत. जेवण अर्ध्यावर आणलं. त्याला पोसायचं कशाला, असं पाटीवर होतं. अन्नपूर्णेला मी सांगितलं की नानांनी मौनव्रत धरलं आहे. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि बरं म्हणाली. आणि इकडे रविवारी भोसले घाटावरच्या वाड्यात वसंतपूजा होती. नागपूरकरांकडून पाहुणे येणार, साठ वैदिक बसणार, आणि मंत्रजागराचा पहिला मान गेली एकवीस वर्षं नानांचा. ते गेले नाहीत तर तो मान मंगला गौरीच्या विष्णुभटांकडे जाणार. विष्णुभट नानांना भेटायला येऊन गेले, फार हळहळले, आणि जाताना जिन्यात गुणगुणत उतरले. नानांनी ते ऐकलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं, आणि तेव्हापासून मला माझ्या लॅटिन नावाची लाज वाटू लागली.

मी काय नाही केलं? दुसरा नमुना मिळाला तर त्याला मिठाच्या पाण्यात घालून तो कशाने सुटतो ते पाहावं, म्हणून तीन दिवस रोज सकाळी मी भगेलूच्या नावेत बसून माशांची तोंडं उघडली. प्रत्येक माशानंतर बुडी मारली. एकशेबारा मासे, एकशेबारा बुड्या. सगळ्यांच्या जिभा त्यांच्या स्वतःच्या होत्या. घाटावर मात्र बोभाटा झाला की शिवराम मास्तर मासे खायला लागला असून घेताना फार चोखंदळपणे घेतो.

शेवटी रविवारी सकाळी मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून अन्नपूर्णेला सगळं सांगितलं: मासा, लोटा, चौदा तंगड्या, दोन डोळे, आणि जे जाड पान होतं ते. नाना पलीकडे दाराआड पाटी घेऊन बसले होते. मला वाटलं, आता ती पोळपाट फेकून मारील. तिने क्षणभर लाटणं थांबवलं, दाराकडे पाहिलं आणि म्हणाली, "तो पांढरा किडा होय! मी तर पाणी गाळतानाच पाहिला. उचलून गच्चीवरून गंगेत टाकला. मग पाण्यात तुळस घातली, ती यंदा जाडच येते."

"गंगेत टाकलास?" मी ओरडलो. "अख्ख्या जगात एकच होता!"

"त्याला मला काय ठाऊक? डोळे वटारून बघत होता मेला."

"मग तीन दिवस बोलली का नाहीस?"

"तुम्ही मौनव्रत म्हणालात," ती लाटणं सुरू करत म्हणाली. "आणि तीन दिवस मला कुणी काही शिकवलं नाही. म्हटलं, चाललंय ते बरं आहे."

दार उघडलं. नाना उभे होते. त्यांनी तोंड उघडलं, जीभ टाळूला लावून पाहिली, खाकरले, आणि तीन दिवसांनंतर त्यांच्या मुखातून पहिले शब्द बाहेर पडले ते असे: "परवाच्या वरणात मीठ जास्त होतं."

अन्नपूर्णा रडली की हसली मला नीट दिसलं नाही, तिने पदर तोंडाला लावला होता. भोसले घाटावर आम्ही जवळजवळ धावतच पोचलो. विष्णुभट बैठकीवर मानाच्या पाटाला हात लावून बसायच्या बेतात होते, ते पाहून नानांचं वय दहा वर्षांनी उतरलं. काय म्हटलं घन त्यांनी, ताई! मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण बाहेर नावाड्यांनी वल्ही उचलून धरली होती. पन्हं, आंबेडाळ, शाल, सगळं झालं. परतताना पायऱ्यांवर दम खायला बसले तेव्हा नाना माझ्याकडे न बघता म्हणाले, "शिवरामपंत, ती स्वयंपाक करताना गाते. मला ठाऊक नव्हतं. मी असलो की गात नाही." मग ते गंगेकडे बघू लागले. मीही बघत होतो, माझा नमुना कुठे वर येतो का म्हणून. दोघांनाही हवं ते पाण्यात दिसलं नाही, आणि आम्ही घरी आलो.

भावोजींस सा. न., मुलांस अनेक आशीर्वाद. तेलाचं वरती लिहिलं आहेच.

तुझा
शिवराम

ता. क. कलकत्त्याचं उत्तर आज आलं. नमुना ताबडतोब धाडावा, नसल्यास ज्यांनी तो प्रत्यक्ष पाहिला अशा दोन प्रतिष्ठित गृहस्थांच्या सह्या आकृतीवर घ्याव्यात, असं आहे. भगेलूने अंगठा दिला आहे. दुसरे गृहस्थ म्हणून नाना सही करायला तयार नाहीत. ते म्हणतात, मी पाहिलं नाही, मी फक्त भोगलं.

आणखी ता. क. एक गोष्ट मुद्दाम शेवटी ठेवली होती. वसंतपूजेत नागपूरच्या पाहुण्यांनी नानांना महिनाभर तिकडे पाठासाठी बोलावलं आहे, आणि नानांनी उतरायची सोय म्हणून तुझ्या घराचं नाव सांगून टाकलं आहे. ते येत्या सोमवारच्या गाडीने निघतात, म्हणजे बहुधा या पत्राबरोबरच पोचतील. तीन दिवसांचं तुंबलेलं बोलणं अजून संपलेलं नाही. वरणात मीठ बेताने घाल. रागावू नकोस.

*

ती. वन्संना अन्नपूर्णेचा नमस्कार.

पत्र पाकिटात घालायला माझ्याकडे दिलं आहे, म्हणून खाली दोन ओळी लिहिते. आमच्या यांना कळवू नये. मी कुठलाही किडा पाहिला नाही आणि गंगेत काही टाकलं नाही. लोटा कोनाड्यातून काढला, तुळस घालायची राहिली होती ती तशीच राहिली, आणि नाना एका दमात प्यायले. वसंतपूजेच्या दिवशी नानांचा गळा मोकळा व्हायला हवा होता, म्हणून तोंडाला आलं ते बोलले. तीन दिवसांचं मात्र खरंच सांगितलं.

नानांचा आवाज पूर्वीसारखाच आहे. उलट विष्णुभटांची मंडळीसुद्धा म्हणतात की इतका गोड कधीच लागला नव्हता. जेवतातही दुप्पट. तरी आपल्या ओसरीवर उजेड चांगला आहे असं हे म्हणतात. नाना जांभई देतील तेव्हा सहज जवळ उभं राहून एकदा बघून घ्यावं, आणि काही असलं तर मला एकटीला कळवावं. नसलं तरी महिनाभर ठेवून घ्यावं.

आपली
अन्नपूर्णा