बोटाला शाई, तोंड कोरडे

प्रति,
मा. मुख्य आरोग्य अधिकारी साहेब,
नागरी आरोग्य विभाग, भिवंडी.

अर्जदार : श्रीमती धम्मदिना लहानू तांबे, परिचारिका (सध्या नेमणूक : शिट्ट्यांचे कोठार)

विषय : बोटाला खूण झालेल्या परंतु तोंडात थेंब न पडलेल्या बालकांना पोलिओचा डोस तातडीने देणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराची तक्रार. २) त्या तक्रारीवरून अर्जदारासच आलेल्या दोन नोटिसा.

महोदय,

१. पल्स पोलिओच्या रविवारी भारनियमनामुळे आमच्या केंद्रातील फ्रीज आदल्या दिवसापासून बंद होता. लसीच्या कुप्यांवरील खुणेचा चौकोन काळा पडला होता. चौकोन काळा म्हणजे लस निकामी, हे आम्हा सर्वांना शिकविलेले आहे. अर्जदाराने नव्या कुप्या मागविण्याची विनंती केली असता पर्यवेक्षक श्री. केसरीनाथ म्हात्रे जे बोलले ते जसेच्या तसे देत आहे : "बाई, बोट रंगवा आणि पुढे व्हा. थेंब काय, पुढच्या फेरीत पाजू. वरून आकडा मागतायत." अर्जदाराने नकार देताच त्यांनी मार्कर हातातून काढून घेतला व दुसऱ्यांना दिला. लूमच्या कारखान्यांमागील चाळीत झाडून सगळ्या बालकांच्या डाव्या करंगळीला शाई लागली, प्रत्येकाला एकेक शिट्टी मिळाली, थेंब एकालाही मिळाला नाही. पोरे खूश होती. काहींनी दुसऱ्या शिट्टीसाठी उजवी करंगळीही पुढे केली.

२. अर्जदाराने तक्रार केली. चौकशी समिती आली, परंतु तिला चाळीत फिरवून आणले ते श्री. म्हात्रे यांनीच. समितीने बालकांची बोटे पाहिली. सर्व बोटांवर शाई आढळल्याने "काम समाधानकारक" असा शेरा मारला गेला व श्री. म्हात्रे यांना प्रशस्तिपत्र देण्याची शिफारस झाली. महोदय, शाई आहे, एवढेच तर अर्जदाराचे म्हणणे होते. समितीने ते खरे ठरविले आणि तथ्य नाही म्हणून तक्रार निकाली काढली! खात्याची बदनामी केल्याबद्दल पहिली नोटीस अर्जदाराला आली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

३. याच चाळीत सकीना नावाची बाई राहते. तिचा नवरा लूमवर आहे. तिच्या तान्ह्या मुलीला जन्मापासून एकही डोस मिळालेला नाही, हा पहिलाच ठरला असता. अर्जदार तिला समजावण्यास गेली तेव्हा ती म्हणाली, "दीदी, निशान तो लग गया ना? साहब लोग भी देख के गये. अब दोबारा काहे को?" तिचे तरी काय चुकले? सरकारी शाईवर गरिबाने विश्वास ठेवायचा नाही तर कशावर? मोठ्या मिनतवारीने तयार करून अर्जदार तिला दुसऱ्या दवाखान्यात घेऊन गेली. तेथील बाईंनी मुलीची करंगळी पाहिली, "हिला झालंय" म्हणाल्या आणि परत पाठविले.

४. तेव्हा अर्जदाराने रॉकेलचा बोळा घेऊन ती करंगळी पुसण्याचा प्रयत्न केला, हे ती मान्य करते. शाई गेली नाही. बोट लाल झाले, मूल रडून रडून दमले, सकीनानेही हात झिडकारला. त्या दिवसाची अर्जदाराला आजही लाज वाटते. दुसरी नोटीस "शासकीय खूण नष्ट करण्याचा प्रयत्न" याबद्दल आली व अर्जदाराची बदली शिट्ट्यांच्या कोठारात झाली. येथे लस नाही, बर्फ नाही, मूल नाही.

५. आता पलीकडच्या वस्तीत एका मुलाचा पाय अचानक लुळा पडला आहे. नमुना तपासणीला गेला आहे, निकाल आलेला नाही. तो पोलिओ नसेलही, नसावाच. पण असला तर? सकीनाचे कुटुंब या आठवड्यात मुलुखाला निघाले आहे. ती मुलगी एकदा गेली की तिला कोण शोधणार? अर्जदाराला झोप लागत नाही, साहेब. जेवताना समोर ती करंगळी येते.

६. सबब अर्जदार आपली तक्रार मागे घेत आहे. चौकशी नको, श्री. म्हात्रे यांना शिक्षा नको, कोठारातून बदलीही नको. त्यांचे प्रशस्तिपत्र त्यांना खुशाल द्यावे, अर्जदार टाळ्या वाजवील. फक्त चांगल्या कुप्या आणि बर्फ घेऊन कोणालाही त्या चाळीत पाठवावे, आणि शाई असो वा नसो, प्रत्येक मुलाच्या तोंडात दोन थेंब टाकावेत. जादा डोसाने कोणाचे काही बिघडत नाही, हे आपण जाणताच. म्हात्रे साहेब स्वतः गेले तर उत्तमच. त्यांचे बोलणे लोक ऐकतात. पण आज जावे.

कळावे, लवकर कळावे.

आपली, अद्याप तरी सेवेत असलेली,
(सही)
धम्मदिना लहानू तांबे
भिवंडी, दि. १९ एप्रिल २००६

सोबत : अर्जदाराच्या सहीचा एक कोरा कागद. अर्जदाराने खोटी तक्रार केल्याची कबुली कार्यालयाने आपल्या सोयीच्या शब्दांत त्यावर लिहून घ्यावी. लस चाळीत पोहोचल्यावर लिहिली तरी चालेल, आधी लिहिली तरी चालेल.