खोलीला कुलूप का होतं

शांती नगर, मीरा रोड
४ नोव्हेंबर २०२५

चि. उर्मिला हिस ताईचे अ. आ. (रागावलेले आहेत, पण आशीर्वादच आहेत.)

पत्र पाहून घाबरू नकोस. फोनवर तू प्रत्येक गोष्टीला हो ताई म्हणतेस आणि ठेवून देतेस. शिवाय सोबतच्या कागदांवर तुझी सही हवी आहे, ती फोनवरून येत नाही.

आता बसून वाच. भाईंदरच्या तुझ्या खोलीवर मालकांनी दावा लावलाय. म्हणणं एवढंच, की सहा महिन्यांहून जास्त काळ दाराला कुलूप आहे, तेव्हा भाडेकरणीला खोलीची गरज उरलेली नाही, ती रिकामी करून द्यावी. आम्हाला न्यायशास्त्रात अनुपलब्धी शिकवायचे: घडा दिसत नाही, म्हणून घडा नाही. तू दिसत नाहीस, म्हणून तू नाहीस. जोडीला विजेची बिलं लावलीत, सगळी शून्य युनिटांची. समन्स दारावर डकवलं होतं. तुझ्या शेजारच्या सुलूने ते खरवडून काढून मला आणून दिलं. अर्धं अजून दारावरच आहे.

भावजींच्या मागे तुझं म्हणून जे आहे ते ही खोली आणि तिच्यातला पोळपाट. खोली गेली की पोळ्यांची गिऱ्हाइकं गेली, आणि या वयात भाईंदरमध्ये नवी खोली तुलाही मिळत नाही आणि मलाही घेऊन देता येत नाही. म्हणून मी विधी सेवेच्या कार्यालयात गेले. तिथे फुकट वकील मिळतो. जाण्याआधी आमच्या सोसायटीतल्या सर्वज्ञ नीरजरावांचा सल्ला घेतला, हा माझा अपराध. ते म्हणाले, आधी उत्पन्नाचा दाखला. त्यासाठी तुझं रेशनकार्ड, त्यासाठी सुलूकडची किल्ली, त्यासाठी सुलू घरी असणं. पंधरवडा त्यात गेला. कार्यालयातल्या बाईंनी माझा गठ्ठा बाजूला सारून विचारलं, अर्जदार बाई की पुरुष. बाई म्हटल्यावर म्हणाल्या, मग उत्पन्न कशाला विचारू, बायकांना ती अट नाही. घरी येऊन नीरजरावांना हे सांगितलं, तर म्हणाले, हो, ते तर आहेच.

वकील मिळाल्या आहेत. संचिता मॅडम. कमी बोलतात, त्यामुळे मला धाक वाटतो. त्यांचा एकच प्रश्न आहे: कुलूप का होतं? योग्य कारण असेल तर कोर्ट ऐकून घेतं म्हणे. मी मोठ्या थाटात सांगितलं, क्षितिजाचं, म्हणजे भाचीचं बाळंतपण. त्यांनी विचारलं, बाळ फेब्रुवारीतलं, मग पुढचे सगळे महिने आजी तिथे काय करत होती? ते उत्तर तुझ्याकडेच असणार. तू दे, लेखी म्हणणं दाखल करायची मुदत जवळ आलीय.

विहीणबाईंना नमस्कार सांग. आपण दिलेली मानाची साडी काठ बारीक म्हणून भर मांडवात परत करणाऱ्या गोदूबाईंच्या घरी तू इतके दिवस कशी काढतेस, हा माझा खाजगी प्रश्न. साडी अजून माझ्या कपाटात आहे, काठांसकट.

लोभ आहेच. आज त्याला थोडा रक्तदाब आहे.
तुझी ताई, मृणालिनी

रोहा
१० नोव्हेंबर

ती. ताईस उर्मिलाचा सा. न. वि. वि.

सह्या करून पाठवल्यात. पण ताई, फुकटचा वकील मन लावून काम करेल का गं? लोक म्हणतील, बहीण एवढी शिकलेली आणि हिला धर्मादाय वकील. पोळ्या लाटून मी क्षितिजाचं लग्न केलं, कुणापुढे हात पसरला नाही.

तू धावपळ करू नकोस. सुलूचा फोन आला होता. ती आणि चाळीतले बबनभाऊ कोर्टात येऊन सांगणार आहेत की मी भाईंदरलाच होते. माणसं जिवाला जीव देणारी आहेत आपली. मग कारण कशाला सांगायचं?

इकडे बाळाला दात येतायत, रात्रंदिवस किरकिर. आत्ता लगेच निघता येणार नाही. एक काम कर, महानारायण तेलाच्या चार मोठ्या बाटल्या पाठव. बाळाच्या मालिशला लागतं. आणि शेकायची रबरी पिशवी, मोठी.

माया पातळ होऊ देऊ नकोस, रागाव पण लिही.
तुझी उर्मिला

शांती नगर, मीरा रोड
१६ नोव्हेंबर

चि. उर्मिलेस अ. आ. वि. वि.

तुझी जिवाला जीव देणारी माणसं काल संचिता मॅडमपुढे उभी राहिली. मी शेजारी बसले होते, आणि धरणी दुभंगत नव्हती.

बबनभाऊंनी शपथेवर सांगितलं की तू रोज पहाटे नळावर भेटायचीस. सुलू म्हणाली की तू चाळीत आजारी पडून होतीस, खाटेवरून उठलीच नाहीस, तीच पेज आणून द्यायची. ईश्वर रिक्षावाल्याला कुणी बोलावलं होतं देव जाणे. त्याने तर तुला दर मंगळवारी उत्तनला मासळीला नेल्याचं सांगितलं. संचिता मॅडमनी पेनाला टोपण लावलं आणि म्हणाल्या, साक्षीदार तीन आहेत आणि उर्मिलाबाईही तीन आहेत, त्यातल्या नेमक्या कुणाचा वकील व्हायचं तेवढं मला सांगा.

मग सुलूने त्याच्यावर कळस चढवला. समन्स आल्यापासून ती रोज संध्याकाळी तुझी खोली उघडून दिवा आणि पंखा लावते, म्हणजे मीटर फिरेल. ते मोठ्या अभिमानाने सांगत होती. आठ महिने शून्य आणि दावा आल्याबरोबर पंखा. मॅडमनी डोळे मिटले. मला वाटलं वकीलपत्र परत देतात, पण दिलं नाही. फुकटच्या वकिलाचं मन लागतं का, हे विचारलं होतंस ना? पैसे घेणारा एव्हाना पळाला असता. आणि हा धर्मादाय नाही गं, कायद्याने दिलेला हक्क आहे. तू हात पसरलेला नाहीस, सही केली आहेस.

त्यांचं म्हणणं असं, की खोटं एक निघालं की खरंही बुडेल. खरं कारण असेल तर खोली वाचण्यासारखी आहे, पण ते तुझ्या तोंडून आणि कागदानिशी यायला हवं.

आता तेल. मी तीस वर्षं मुलांना संस्कृत शिकवते, वैद्यकी नाही. तरी नऊ महिन्यांच्या बाळाचे सांधे धरल्याचं मी कुठे वाचलेलं नाही. बाटल्या पाठवल्यात. ज्यांचे सांधे असतील त्यांना आराम पडो.

कारण कळव. माझं डोकं फिरलंय, माया जागेवर आहे.
ताई

रोहा
२२ नोव्हेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

तेल पोचलं. तू ओळखशील हे माहीत होतं, म्हणून घाबरत घाबरतच मागितलं होतं.

ताई, ते कारण माझं नाही. ज्यांचं आहे त्यांना मी बाळाच्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिलाय की गावात, माहेरी, कुणालाही कळू देणार नाही. त्यांना ते उघडं झालेलं सोसायचं नाही. क्षितिजाला याच घरात आयुष्य काढायचंय. खोली राहावी म्हणून मी रोज देवाला हात जोडते, पण शब्द मोडून नको. मॅडमना म्हणावं, बाळासाठी राहिले असंच लिहा. नाहीतर जे होईल ते होईल.

रागावू नकोस. तू रागावलीस की मला जेवण जात नाही.
उर्मिला

शांती नगर, मीरा रोड
२७ नोव्हेंबर

चि. उर्मिलेस अ. आ.

रागावलेली नाही, थकले आहे. जेव.

तू शब्द दिलास, तो पाळ. तो मोड असं सांगण्याइतकी मी वकील झालेली नाही. फक्त वस्तुस्थिती लिहून ठेवते. मुदत पुढच्या आठवड्यात संपते. बाळाचं कारण मॅडम लिहिणार नाहीत, कारण त्यांचाच त्यावर विश्वास नाही. कारण आलं नाही, तर तुझी खोली, भावजींनी भिंतीत ठोकलेल्या खुंट्यांसकट, मालकांची होणार आहे. आणि हे सगळं तुला कुणाला तरी शेकता यावं, माखता यावं म्हणून होणार आहे, आणि त्या कुणाला तरी याचा पत्ताही नसणार.

तुझं वाचून झालं की हे पत्र उघडंच उशाशी ठेव. तुझ्याच उशाशी असं नाही. घरात आणखी कुणाला वाचनाची आवड असेल तर माझी हरकत नाही. संचिता मॅडमचा नंबर पाठीमागे लिहिलाय.

लोभ नेहमीसारखा, उपाय संपलेला.
ताई

रोहा
२ डिसेंबर

सौ. मृणालिनीताई यांस स. न. वि. वि.

आपला पत्रव्यवहार कधी नव्हता, तेव्हा सरळ मुद्द्यावर येते. तुमचं पत्र माझ्या उशाशी उघडं होतं आणि मला वाचता येतं. ते ठेवून उर्मिलाताई ज्या स्वयंपाकघरात गेल्या त्या बराच वेळ आल्या नाहीत. एरवी मी नुसती कण्हले तरी येतात.

अक्षय्यतृतीयेला मी न्हाणीघरात पडले. खुबा मोडला. त्या दिवशी उर्मिलाताईंची पिशवी भरून दाराशी ठेवलेली होती, भाईंदरला निघायची. ती त्यांनी उचलून परत आत नेली. तेव्हापासून मला न्हाऊ घालणं, उठवणं, बसवणं त्यांच्याच हातून. सुनेच्या आईकडून मी हे करून घेते, हे गावात सांगण्यासारखं मला वाटलं नाही. मी व्रत धरलंय, उंबरा ओलांडत नाही, असं गावाला सांगितलंय. गाव पाया पडून जातं. खोलीचं मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगायला हवं होतं, असं मी उर्मिलाताईंना काल जरा मोठ्यानेच बोलले.

तुमच्या संचिता मॅडमना फोन केला. पोरगी हुशार आहे. डॉक्टरांचे कागद मागितले, ते तुमच्या जावईबापूंनी, म्हणजे आमच्या दिपेशने, आजच पाठवले. साक्षीला याल का, असं विचारलं. म्हटलं, मला चालता येत नाही, बोलता येतं. त्यांनी लेखी म्हणणं त्याप्रमाणे दाखल केलंय आणि आता सांगण्यासारखं काहीतरी आहे म्हणाल्या. त्या बबनरावांना माझा निरोप द्या, तोंड मिटून बसा. सुलूबाईंनी पंखा बंद करावा.

साक्षीची तारीख लागली की आदल्या दिवशी आम्ही गाडी करून येतो. उतरू उर्मिलाताईंच्याच खोलीत. तळमजला आहे, बरं पडेल. तिथे चूल पेटते हे मालकांनीही बघावं.

येताना मी साडी आणणार नाही. तुमच्या कपाटातली ती काढून ठेवा, कोर्टात तीच नेसेन. काठ बारीकच आहेत, ते मी आजही म्हणेन. पण खुर्चीत बसून साक्ष द्यायची आहे, काठ कोण बघतंय.

लोभ असावा असं लिहायचा आपल्यात सराव नाही. करू हळूहळू.
गोदूबाई