वेणी कापल्याचं कारण

ती. आई,

नमस्कार. माझा फोटो पाहून तू दोन दिवस बाबांशीही बोलली नाहीस म्हणे. वेणी मी हौसेने कापलेली नाही, नीट ऐक.

आम्ही इथे खाडीच्या पाण्यातला आणि हवेतला पारा मोजतो. तो माशांतून माणसात येतो आणि केसांत साठतो, म्हणून मासळी विकणाऱ्या बायकांचे केसही तपासतो. तुलनेला स्वच्छ माणसाचे केस हवे होते. साहेब म्हणाले, "तू समुद्रापासून लांबची, तुझेच दे." मुळापासून टोकापर्यंत तपासायचे, म्हणून अख्खी वेणीच कापून दिली.

मुळाकडचे वीतभर केस इथल्या दीड वर्षात वाढलेले. त्यांत त्या बायकांइतकाच पारा निघाला. मी रोज कॅन्टीनचा मासाच तर खात होते. साहेबांनी काय करावं? माझा नमुनाच बाद केला. "तू आता उपयोगाची नाहीस, दुसरं कोणी शोधू." म्हणजे चांगलं माणूस इथे राहून बिघडतं, हे लिहायचं नाही, माणूसच बदलायचं. माझं डोकंच फिरलं. अशा अहवालावर सही करणार नाही, असं तोंडावर सांगून आले.

मी ठणठणीत आहे. मासे बंद केलेत. अक्षर हललंय ते रागाने, दुसरं काही नाही. वहिनीला कितवा महिना लागला? तिच्या माहेरी मासे कुठून आणतात, तेवढं विचारून कळव.

वेणीच्या टोकाकडे मात्र काहीच सापडलं नाही. अहवालात तेही लिहायला लावणार आहे. तुझ्या हातचं तेल ज्यांना लागलं, तेवढेच केस स्वच्छ निघाले.

तुझी,
आखूड केसांची लेक