चंद्रावरून कप्तान बेपत्ता

तीर्थस्वरूप दादास,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (गुडघा धरलाय, म्हणून तूर्त कागदावरच). तुझा खोकला कसा आहे? वहिनींची तब्येत? इकडे सगळं ठीक आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. ठीक काहीच नाही. कप्तान नाहीसा झालाय.

आपल्या लहानपणचे ते सहा प्लास्टिकचे अंतराळवीर, बोटाएवढे. त्यांतला चंदेरी, हेल्मेटची काच फुटलेला, तो कप्तान. निवृत्त झाल्यापासून मी त्यांचे फोटो काढतो हे तुला ठाऊक आहेच. रविवारी आलास तेव्हा त्यावर तासभर हसलासही. जुन्या खेळण्यांच्या प्रदर्शनाला सहाही जणांचा एकत्र फोटो शनिवारपर्यंत पाठवायचाय. पाच जणांचा घेत नाहीत, संच पुरा हवा.

आता फोटोत मागे आकाश हवं, खाली जमीन हवी. पण विकतचे पडदे आणायला मी काय खुळा आहे? पिठाच्या चाळणीमागे टॉर्च धरला की झाले तारे. (चाळणी हिची. हिला ते आवडलेलं नाही. लक्षात ठेव.) अंड्यांचा ट्रे राखाडी रंगवला की परग्रह, किसणी उभी केली की यानाची भिंत. काळं मखमल खालच्या शिंप्याने दिलं, फुकट! जो माणूस तुटकं बटणसुद्धा परत मागतो, तो मखमल फुकट देतो आणि वर विचारतो, "कशाला हवंय, काका?" मी ताकास तूर लागू दिली नाही. चंद्र मात्र स्वतः घडवला. रद्दी दोन दिवस भिजवली, खळ घालून बादलीभर लगदा केला, चष्म्यावर शिंतोडे उडतात म्हणून तो काढून ठेवला आणि डोंगर थापला. कप्तानाला धरून ओल्या लगद्यात पावलंही उमटवली. तेवढ्यात बेल वाजली. तू आलास, चहा झाला, हसलास, गेलास. मी उरलेला लगदा डोंगरावर थापून टाकला, आणि संध्याकाळी मोजले तर पाच.

मग तपास सुरू केला. हिला विचारलं, तर म्हणते, "आधी माझी चाळणी द्या, मग तुमचा कप्तान शोधते." आता ही धमकी की कबुली, तूच सांग. शिंप्याकडे उगाच पॅन्ट आखूड करायला नेली आणि दुकानभर नजर फिरवली. पॅन्ट आखूड झाली (जरा जास्तच), कप्तान दिसला नाही. मग उरलं कोण, दादा? मी नाव घेत नाही. पण निघताना तू कोटाचा खिसा दोनदा चाचपलास आणि "चाव्या आहेत" म्हणालास. मी विचारलं होतं का? चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते उगाच नाही. तसं तुझ्याबद्दल माझ्या मनात काही नाही.

वहिनींना नमस्कार.

तुझा (अजून तरी) लाडका,
धाकटा

ता. क. पत्राचं खरं कारण : कोटाचा डावा खिसा तपास. अस्तर उसवलं असेल तर आतही हात घाल. गुपचूप पाठवलास तर वहिनींना अवाक्षर कळणार नाही.

ता. क. २ पाकीट चिकटवणार, इतक्यात हिने चंद्र केरात टाकायला उचलला आणि तो हातातून निसटला. कप्तान डोंगराच्या पोटात, डोकं खाली, पाय वर. मीच थापला होता. वरचं काही वाचलं नाहीस असं समज. पुन्हा एवढं लिहायचं तर बोटं दुखतात.

ता. क. ३ त्याला जुन्या ब्रशने घासलं, तर तळपायावर खिळ्याने कोरलेलं तुझ्या नावाचं अक्षर निघालं. मला गोवर आला होता तेव्हा तू तो माझ्या उशाशी ठेवून गेलास आणि परत कधी मागितला नाहीस. मी मात्र साठ वर्षं "माझा कप्तान" म्हणत मिरवलो. चोर सापडला रे, दादा. लाज वाटते. शनिवारच्या आत ये. चंद्र नवा थापू, फोटो तू काढ, आणि जाताना कप्तान घेऊन जा.

ता. क. ४ येताना तोच कोट घालून ये. निळ्या अंतराळवीराची बंदूक सापडत नाहीये.