तुमच्या हाताखालचा खांदा

वस्ताद, माझा उजवा हात अजून कानाच्या वर जात नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आपल्या तालमीतली बहुतेक माणसंही आता उरली नाहीत. हे कागद घेऊन बसलो की बायको विचारते, कुणाला लिहिताय? मी काहीतरी पुटपुटतो. पाठवायला पत्ता नाही हे तिला सांगून काय उपयोग.

मी तेव्हा नुकताच गिरणीत कापड विणायच्या साच्यावर लागलो होतो. दिवसभर दांडा उजव्या हातानं ओढायचा, त्यामुळं उजवा खांदा फुगलेला आणि डावा सुकलेला, आणि मला त्या उजव्याचा कोण अभिमान! पहिल्याच दिवशी तुम्ही मला पाठमोरं उभं केलंत, दोन्ही खांद्यांवर तळवे ठेवलेत आणि म्हणालात, "हे काय ध्यान हाय? उजवीकडं पैलवान आन् डावीकडं आजारी मानूस!" सगळी तालीम हसली. मग तुमचा नियम कळला. मुद्गल फिरवायचे ते डाव्या हाताच्या मोजणीनं. डावा थकला की उजव्यानंही थांबायचं, त्याच्यात कितीही दम असो. आणि जोर काढून झाले की प्रत्येकानं आडावर जाऊन पाणी शेंदायचं. हौद्यातली माती भिजवायला दोन बादल्या पुरायच्या, तुम्ही वीस काढायला लावायचात आणि उरलेलं पाणी गल्लीतल्या बायका घेऊन जायच्या. वस्ताद आपल्याकडून फुकटात पाणी भरून घेतात, असं आम्ही मागं बोलायचो. एकदा ते तुमच्या कानावर गेलं. तुम्ही रागावला नाहीत. "जोरानं फुडचा खांदा वाडतोय रं. मागचा कोन वाडवनार, तुजा बाप? दोरी वडली की मागचा भरतो. दोनी बाजू भरल्या तरच खांदा जाग्यावर ऱ्हातोय."

दाराशी ताकद आजमावायचा तो दगडी नाल पडलेला असायचा, मधे मूठ धरायला खाच कोरलेली. डाव्या हातानं जो छातीपर्यंत आणेल त्यानंच तो उजव्यानं डोक्यावर न्यायचा, अशी तुमची सक्त ताकीद. माझा डावा त्याला गुडघ्यापर्यंतसुद्धा आणू शकत नव्हता. तरी नागपंचमीला चौकात गर्दी जमली, नाल बाहेर काढला, आणि मी पुढं होऊन तो उजव्या हातानं उचलला. डोक्यावर नेला. लोक ओरडले, कुणीतरी गुलाल उधळला. खांद्यात कढत तेल ओतल्यासारखं झालं होतं, पण मी हसत उभा होतो. फक्त तुम्ही हसला नाहीत. जवळ येऊन खांदा चाचपलात आणि हळू आवाजात म्हणालात, "लोकांच्या डोळ्यांसाटी खांदा इकलास." मग आपलं उपरणं काढून माझा हात गळ्यात बांधलात. "हाड जाग्यावर हाय. शिरा तानल्यात. चाळीस दिवस ह्या हातानं तांब्याबी उचलायचा न्हाय."

रोज सकाळी तुम्ही वाटीत तेल कोमट करून यायचात आणि चोळायचात. तुमचा अंगठा खांद्याच्या खोबणीत नेमका कुठं थांबायचा ते मला आजही दाखवता येईल. आठवड्याभरात ठणका गेला, आणि माझ्या डोक्यात आलं की म्हातारा उगाच बाऊ करतोय. दहाव्या दिवशी तुम्ही बहिणीला भेटायला मैंदर्गीला गेलात. दुपारी तालमीत चिटपाखरू नव्हतं. मी उपरणं सोडलं आणि नाल धरला. छातीपर्यंत आला, आणि आत कापड फाडल्यासारखा आवाज झाला. नाल मातीत पडला. डाव्या हातानं लोटत लोटत मी तो जागेवर नेला, उपरणं पुन्हा दातांनी बांधलं आणि घरी गेलो. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही.

दुसऱ्या दिवशी तुम्ही वाटी घेऊन आलात. बोटं टेकली मात्र, मी किंचाळलो. सगळी तालीम वळून बघायला लागली. तुमचे हात तसेच हवेत. "नाल धरला व्हतास का?"

"न्हाय, वस्ताद."

तुम्ही माझ्याकडं बघत राहिलात. नंतर आपल्या हातांकडं बघितलंत. "मग माजंच कायतरी चुकलं," म्हणालात. तुम्ही मला खोटं पाडाल असं वाटलं होतं. तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवाल याची तयारी मी केली नव्हती.

संध्याकाळी आई तालमीत आली. "हात मोडून ठेवला की वो माज्या लेकाचा! आता साच्यावर कसा उबा ऱ्हाईल त्यो?" तुम्ही मान खाली घालून ऐकत होता. मी तिच्या शेजारीच उभा होतो. एक शब्द बोलायचा होता. मला लाज वाटली, वस्ताद, नुसती लाज, बाकी काही कारण नाही.

माझा साचा गेला. तुम्ही गिरणीत माणसं कामावर घेणाऱ्या जॉबरच्या हातापाया पडून मला झाडूकामावर घ्यायला लावलंत. पोरं एकेक करून तालमीत यायची थांबली. अर्ध्या गल्लीचे मुरगळलेले हातपाय तुम्ही बसवायचात, तेही थांबलं. माझ्यासमोर एक हमाल खांदा धरून आला होता, त्याला तुम्ही म्हणालात, "दुसरीकडं जा बाबा. माज्या हाताचा भरवसा ऱ्हायला न्हाय."

तुमच्या स्वयंपाकघरात मी किती वेळा जेवलो. काकू ज्वारीची भाकरी वाढायच्या, आणि मला एका हातानं मोडता येत नाही म्हणून तुम्ही ती दुधात कुस्करून माझ्यापुढं ठेवायचात. एकदा कुस्करता कुस्करता म्हणालात, "अंगठा जास्ती दाबला गेला असंल रं त्या दिवशी. मनात धरू नकोस." मी खाली मान घालून जेवत राहिलो. काकूंनी वर शेंगाचटणी वाढली.

दोन वर्षांत तापानं तुम्ही गेलात. मी डाव्या खांद्यावर तिरडी घेतली. वाटेत मागून कुणीतरी म्हणालं, "ज्यानं पोराचा खांदा घालवला, त्यालाच पोरानं खांदा दिला बगा. मोट्या मनाचं पोरगं." लोकांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी रडत होतो, ते त्यांना दुःख वाटलं.

तुमचा अंगठा जास्त दाबला गेला नव्हता, वस्ताद. तुमचे हात शेवटपर्यंत चांगले होते. हे लिहायला मला म्हातारपण यावं लागलं. गेल्या आठवड्यात दवाखान्यात एका तरुण डॉक्टरनं माझा हात वर नेऊन बघितला आणि विचारलं, हे कशानं झालं? आई नाही, काकू नाहीत, तालमीच्या जागेवर दुकानं आली आहेत. खरं बोललो असतो तर कुणाचं काहीच बिघडणार नव्हतं. मी म्हणालो, "तरुणपणी वस्तादांनी चुकीचं चोळलं."