मचूळ पाणी

बाबा, तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी एक झाड लावलेलं नाही. तुळससुद्धा नाही.

काल कचेरीत वसईकडचा एक ख्रिस्ती बागाईतदार आला होता. कधीतरी त्याचा अर्ज मी वेळेवर पुढे सरकवला होता, त्याची आठवण ठेवून आपल्या वाडीतलं पोफळीचं रोप घेऊन आला, केळीच्या सोपटात नीट गुंडाळलेलं. "दोन सुपाऱ्या एकाच जागी रुजल्यात, रावसाहेब. सोडवून लावा," म्हणाला. घरी आणलं तर तुमची सून हसत म्हणते, "शेजारच्या काकांना बोलावते हो. तुमचा हात नको बाई." ती बिचारी सहज बोलली. लग्न होऊन घरात आली, त्याच्या चौथ्या दिवशी आईनं तिला सांगून ठेवलं होतं की याला हातगुण नाही, याच्याकडून काही लावून घेऊ नकोस. आई तरी कुठून शिकली? तुमच्याकडून. मी रात्रभर तळमळलो आणि सकाळी उठून हे लिहायला बसलो.

ठाण्याची आपली वाडी अजून जशीच्या तशी डोळ्यांसमोर आहे. पोफळीची रोपं न्यायला लोक कुठून कुठून यायचे, ते तुमच्या हातासाठी. दोन रोपांची मुळं एकमेकांत गुंतलेली असली की तुम्ही घाई करायचा नाहीत. आदल्या दिवशी वाफा भिजवायचा, मातीसकट गड्डा उचलायचा, बुडाला धरून पाण्यात हलकेच फिरवत राहायचं. माती सुटली की मुळं आपोआप सोडतात. मग ओलं गोणपाट, वर काथ्या, पानं वर गोळा करून सैल बांधायची, आणि रोप नेहमी उभं न्यायचं, आडवं कधीच नाही. तेव्हा कल्याणपर्यंत आगगाडी होती की! पण तुम्ही रोपं खाडीतून मचव्यानंच पाठवायचा. लोखंडी डब्यात रोपं भाजतात म्हणायचा. हे सगळं मला पाठ होतं, बाबा. मला दुसरं काही नकोच होतं. मला ती वाडी हवी होती.

शहाडच्या त्या जमीनदाराला नवी बाग उठवायची होती. पोफळीची दोनशे रोपं. एरवी तुम्ही श्रावणात रोपं पाठवायचा. त्या वर्षी त्याचा निरोपच दिवाळीनंतर आला आणि तुम्ही हो म्हणून बसलात. मी सतरा वर्षांचा. आपण वाफ्यावर बसलोय, बांधाला मचवा लागलाय, गडी भराभर गड्डे आणून देतायत. माझ्या हातातली जोडी काही केल्या सुटेना. मी ओढली. टर्रकन आवाज झाला आणि अख्खं मूळ माझ्या हातात आलं. तुमचा ओला हात माझ्या कानाखाली बसला, गड्यांच्या आणि मचव्यावरच्या तांडेलाच्या देखत. "वेल आहे का तो ओढायला? बैल बरा तुझ्यापेक्षा!" गडी हसले. तांडेल तेवढा दुसरीकडे बघत राहिला. भला माणूस होता.

तेवढ्यात विहिरीवरचा रहाट मोडला. निम्मी रोपं सोडवायची राहिलेली, सगळं गोणपाट कोरडं. तांडेल ओरडतोय, "भरती चुकली तं मंग उद्यावर गेलं बघा!" तुम्ही म्हणालात, "चला, खाडीवर." श्रावणात आपण खाडीच्या पाण्यात रोपं सोडवायचो ते ठीक होतं, पावसानं तेव्हा पाणी गोडं झालेलं असतं. पण दिवाळीनंतर खाडीत खारं पाणी चढतं. मी ओंजळ भरून चाखलं. म्हटलं, "बाबा, पाणी मचूळ लागतंय." तुम्ही वर न बघता म्हणालात, "जन्म गेला माझा या खाडीकाठी. तू मला शिकवतोस?" उरलेली रोपं त्याच पाण्यात खळबळली, सगळं गोणपाट त्यातच भिजवलं, आणि मला रोपांबरोबर मचव्यात बसवून दिलंत.

कल्याण बंदरापर्यंत मी एक रोप कलू दिलं नाही. ऊन आलं की माझं उपरणं त्यांच्यावर धरलं. बंदरावर बैलगाडीत चढवताना एकेक रोप मूल उचलावं तसं उचललं. शहाडला पोचल्यावर त्या जमीनदाराच्या आईनं पहिलं रोप माझ्याच हातून लावून घेतलं, वर गूळ दिला.

पंधरा दिवसांत बोलावणं आलं. आपण दोघं गेलो. सगळी रोपं टोकापासून करपत आलेली. तुम्ही एक उपटलंत, मूळ चोळलंत, नाकाशी नेलंत. तुम्हाला तिथंच कळलं होतं, बाबा. तुमचा चेहरा मी बघत होतो ना! आणि मग तुम्ही त्या माणसाला काय सांगितलंत? "पहिलं रोप पोरानं लावलं का? मग बरोबर. याच्या हाताला गुण नाही. माझं चुकलं, याला पाठवला."

संपलं तिथं. तुमचा शब्द होता तो, गावभर झाला. वाडी तुम्ही धाकट्याला दिलीत आणि मला म्हणालात, "तू कचेरीत शोभतोस." तीस वर्षं शोभतोय. बोटांना शाई लागते तेव्हा अजून तुमचा राग येतो. शेवटच्या आजारात मी तुमचे पाय चेपायचो, तेव्हा वाटायचं, आता तरी म्हणतील, चूक माझी होती. तुम्ही पाणी मागितलंत, दोनदा कूस बदललीत, आणि झोपलात. फार मोठा अन्याय केलात माझ्यावर. हे तोंडावर बोलायची माझी छाती झाली नाही, म्हणून आता बोलतोय.

बायको देवळात गेली तेव्हा मी लिहिणं सोडून परसात गेलो. आधी विहिरीचं पाणी चाखलं. मग तो गड्डा बुडाला धरून घंगाळात फिरवत बसलो. बऱ्याच वेळानं मुळं सुटली, एकही तुटलं नाही. दोन खड्डे केले आणि दोन्ही रोपं लावली. मातीचे हात घेऊन तिथंच बसून राहिलो, आणि एवढ्या वर्षांचा राग तुमच्यावर धरता येईना.

कारण मी तुम्हाला काही म्हटलंच नव्हतं. पाणी चाखलं हे खरं. मचूळ लागलं हेही खरं. थुंकलो आणि गप्प बसलो. कान अजून जळत होता. म्हटलं, होऊ दे, एकदा यांचंही चुकू दे. "तू मला शिकवतोस?" हे वाक्य मीच तुमच्या तोंडी घातलं. तुम्ही तसंच म्हणाला असतात, असं स्वतःला समजावलं, मग आईला सांगितलं, धाकट्याला सांगितलं, तुमच्या तेराव्याला जमलेल्यांना सांगितलं, आणि आता या पत्रातही तसंच लिहून बसलो होतो.

ते वाक्य खोडावं म्हणून टाक उचलला होता, पण राहू दे. हा कागद कुणाकडे जायचा नाही. बायको देवळातून आली, परसात गेली आणि तिथूनच हाक मारून विचारतेय, ही रोपं कुणी लावली म्हणून. शेजारच्या काकांनी, असं सांगितलं.