पान्हा आवरेना, आई

प्रिय आई,

आज माझ्या लेकानं मला बघून तोंड फिरवलं आणि सासूबाईंच्या हातातल्या बाटलीला गपकन लागला. म्हणून लिहितेय. दुसऱ्या कुणाला सांगू गं हे?

"पहिलं बाळंतपण माझ्याकडं, शिरूरला," असं ओटी भरताना सगळ्यांसमोर बोलली होतीस ना? आणि महिन्याभरात गेलीस निघून. थापाडी कुठली! बाळंतपण इथं नेकनूरला, सासरीच झालं.

दूध कमी नाही गं, लई आहे. छातीचे दगड झालेत, अंगात ताप भरतो. तो तोंडात घेतो न घेतो तोच अशी धार सुटते की त्याला ठसकाच लागतो. मग लाल होऊन, ताठ होऊन रडत सुटतो. सासूबाई म्हणतात, "पोरगं उपाशी हाय, तुला दूधच न्हाई उतरत." की लगेच अळिवाची खीर, वर मेथीचा लाडू! माया करतात, खोटं कशाला बोलू? पण प्रत्येक वाटीनं दूध वाढतं आणि पोर अजून रडतं.

बीडच्या दवाखान्यातल्या सिस्टरनं सांगितलं होतं, मागं रेलून बस, बाळाला पोटावर घे, पहिली धार फडक्यात जाऊ दे. तसं बसले तर सासूबाई केवढ्यानं ओरडल्या! "आगं, कानात दूध जाईल लेकराच्या! कान फुटंल!" हे दारातूनच म्हणाले, "आई म्हणती तसं कर की." बसले सरळ. लागला त्याला ठसका.

तू असतीस तर माझ्यासाठी भांडली असतीस ना? का तूही खिरीची वाटीच पुढं केली असतीस? खरं सांगू? केलीच असतीस. त्याचंच जास्त रडू येतं.

आता तो बाटली पिऊन निजलाय. घर खूश आहे. आणि माझं? शेजारचं पोर रडलं तरी पोलकं भिजतं. ज्याचं आहे त्यालाच नको, काय करू या दुधाचं?

उद्या सासूबाई शेतात गेल्या की दार लावून, मागं रेलून घेणार आहे त्याला. पिईल असं वाटत नाही. नाहीच प्याला, तर बाटली मी पाजीन. ती तरी दुसऱ्या कुणाच्या हातात देणार नाही. शब्द देते, आई.

तुझी,
सुनी